तो फोन नंबर : चाकणच्या कारखान्यातल्या प्रकल्प नोंदी

3 जून 2024, सोमवार

सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी फाइल माझ्याकडे सरकवली. ईएपीचा, म्हणजे एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅमचा (अडचणीतल्या कर्मचाऱ्यानं एका नंबरवर फोन करून समुपदेशकाशी बोलायची सोय), तीन वर्षांचा करार 30 नोव्हेंबरला संपतोय. पुढे चालू ठेवायचा की नाही, ते "डेटा बघून" सांगायचं. त्याच्यासोबत ऑफिसच्या लोकांचं दोन दिवसांचं वर्क फ्रॉम होम आणि पाळणाघर यांचंही काय ते बघायचं. हातात साडेपाच महिने. बजेट नाही. मदतीला टाइम ऑफिसमधला एक मुलगा, तोही अर्धा दिवस.

मी इथे कामगार कल्याण अधिकारी म्हणून लागले त्याला सतरा वर्षं झाली. कारखाने अधिनियम 1948, कलम 49 : पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असले की असा अधिकारी ठेवावाच लागतो. आता कार्डावर 'वेलबीइंग' की काय छापलंय. काम तेच. उचल, भांडणं, दारू, दवाखाना.

ईएपीचा उगम दारूतलाच आहे, हे आमच्या नव्या मुलांना सांगितलं की हसतात. 1940 च्या दशकात अमेरिकेत ड्यूपाँट, ईस्टमन कोडॅक अशा कंपन्यांनी पिणाऱ्या कामगारांना हाकलण्याऐवजी सुधारायचा कार्यक्रम काढला, तिथून हे सुरू झालं. मी लागले तेव्हा माझ्या आधीचे अधिकारी पिणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्कूटरवर बसवून मुक्तांगणला घेऊन जायचे. तेव्हा कोणी त्याचा आलेख काढला नव्हता.

वहीत पहिला प्रश्न लिहून ठेवला : "उपयोग झाला" म्हणजे नक्की काय झालं?

6 जून, गुरुवार

सेवा देणाऱ्या कंपनीचा वार्षिक अहवाल. चकचकीत कागद, पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात 'वापर : 22 टक्के'. फोड मागितली. दोन मेल आणि एक फोन झाल्यावर एक्सेल आलं.

आमचे कायम कर्मचारी 1,140. त्यांचे 22 टक्के म्हणजे 251. यातले 163 वेबिनारला बसलेले. ते वेबिनार मीच लावले होते. महिला दिनाला असेंब्ली अर्धा तास थांबवून सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं, समोसा दिला, पडद्यावर कोणीतरी श्वास कसा घ्यायचा ते सांगत होतं. समोसा खाल्लेला प्रत्येक माणूस 'वापरकर्ता'. मग 61 जणांनी अ‍ॅप उघडलं. इंडक्शनच्या दिवशी आम्हीच समोर उभं राहून उघडायला लावतो. उरले 27 फोन. त्यातल्या काहींना पीएफ कधी निघेल ते विचारायचं होतं. समुपदेशकाशी एकदा तरी पूर्ण बोललेली माणसं निघाली 14.

करार वर्षाला साधारण सहा लाखांचा. मुलानं लगेच भागाकार केला, माणशी त्रेचाळीस हजार. डोळे मोठे करून माझ्याकडे बघायला लागला. भागाकार बरोबर आहे, पण त्यातून काही कळत नाही. चौदांतला एक जरी जीव द्यायच्या बेतात असेल आणि थांबला असेल, तर त्रेचाळीस हजार म्हणजे काहीच नाही. आणि चौदाही जण फोन न करता सावरणारच होते असं असेल, तर चाळीस रुपयेही जास्त. कोणता प्रकार आहे ते या एक्सेलमध्ये कुठेच नाही.

अजून एक. 1,140 मध्ये ठेकेदाराची माणसं धरलेली नाहीत. त्याच लाइनवर, त्याच बसनं येणारी सातशे माणसं. त्यांना हा नंबरच नाही. भाजकात नाहीत म्हणून टक्का बरा दिसतो.

12 जून, बुधवार

काल नाईटला थांबले आणि स्वतः फोन करून बघितला.

जेवणाची सुट्टी तीस मिनिटं. मोबाइल शॉपफ्लोअरवर न्यायची बंदी, तो गेटजवळच्या लॉकरमध्ये. माझाही तिथेच ठेवला होता. शॉपपासून गेटपर्यंत चालत सहा मिनिटं. लॉकर उघडला, नंबर लावला. आधी इंग्रजी. मग हिंदीसाठी दोन. मराठी पाचवर. पाच दाबलं, बासरी वाजली. बरीच वाजली. मग एक मुलगी आली, गोड आवाजाची, हिंदीत. म्हणाली, मराठी काउन्सेलर सकाळी नऊनंतर मिळतील, तोवर आपला एम्प्लॉयी कोड सांगता का?

कोड. 'पूर्ण गुप्त' असं आम्हीच पोस्टरवर छापलंय, आणि पहिला प्रश्न हा. करारात पात्रता तपासायला म्हणून आहे ते, मला माहीत आहे. रात्री दोन वाजता लॉकरपाशी उभ्या असलेल्या माणसाला माहीत नसतं.

फोन ठेवला तर सिक्युरिटीचे काका जवळ आले. "मॅडम, घरी सगळं बरंय ना?" म्हणजे इथून फोन केला की गेटला कळतं, आणि गेटला कळलं की बसला कळतं. जेवण राहिलंच.

एक गोष्ट विसरायला नको. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, टेली-मानस, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, नंबर 14416, फुकट, चोवीस तास, कोड न विचारता. तेव्हा आमच्या नंबराची तुलना 'काहीच नाही' याच्याशी करून चालणार नाही. त्या फुकटच्या नंबरापेक्षा तो जास्त काय देतो, हे विचारायला हवं. तीन वर्षांत आम्ही कोणीच ते विचारलेलं नाही, मीसुद्धा.

1 जुलै, सोमवार

खाडे. साहेबांना खाड्यांत रस आहे, बाकी आकडे त्यांना 'सॉफ्ट' वाटतात. म्हणून टाइम ऑफिसमधून तीन वर्षांचे खाडे काढले. बेत सोपा होता : गेल्या वर्षीचे जून-जुलै आणि या वर्षीचे जून-जुलै शेजारी ठेवायचे.

फसला. परवा, शनिवारी, आळंदीहून माउलींची पालखी निघाली. आमची निम्मी दुसरी शिफ्ट तिथेच होती. गेल्या वर्षी आषाढी 29 जूनला होती, या वर्षी 17 जुलैला आहे. गेल्या वर्षीच्या अधिक श्रावणामुळे सगळं पुढे सरकलं. गणपती मात्र उलटे : गेल्या वर्षी 19 सप्टेंबर, या वर्षी 7 सप्टेंबर. म्हणजे महिन्याला महिना लावला की वारी एका बाजूला पडते आणि गणपती दुसऱ्या. त्यात पेरणी. जुन्नर-खेडकडची माणसं पाऊस बघून जातात, ती तारीख कुठल्याच कॅलेंडरात नसते. एप्रिल-मेच्या जत्रा आणि लग्नं वेगळीच.

अहवालात मात्र छापलंय की 'कार्यक्रमानंतर तिमाहीत गैरहजेरी घटली'. कोणत्या तिमाहीत ते बघितलं. मार्च ते मेची जून ते ऑगस्टशी तुलना. यात त्यांचा काय हात? लग्नसराई संपली!

8 जुलै, सोमवार

रविवारभर वाचत बसले. आमच्या प्रश्नाला लागू पडेल असं बरंच सापडलं आणि त्यातलं एकही साहेबांना आवडणारं नाही.

इलिनॉय विद्यापीठात 2016 मध्ये वेलनेस कार्यक्रम सुरू केला तेव्हा जोन्स, मोलिटर आणि राइफ या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी एक हुशारी केली. 4,834 कर्मचारी तयार झाले, त्यांतल्या कोणाला कार्यक्रमात घ्यायचं आणि कोणाला नाही हे सोडतीनं ठरवलं. वर्षाअखेर दवाखान्याचा खर्च, हजेरी, काम, सवयी यांत दोन गटांत सांगण्यासारखा फरक नव्हता. त्यांनी त्याच आकड्यांची दुसरीही मांडणी केली, आम्ही करतो तशी : कार्यक्रमात भाग घेतलेले एका बाजूला, न घेतलेले दुसऱ्या. तशी केली की कार्यक्रम झकास दिसायला लागला. कारण भाग घेणारे आधीपासूनच तब्येतीला जपणारे आणि कमी खर्चाचे होते. जिमच्या सवलतीचा फॉर्म आपल्याकडे कोण भरतो, ते आठवलं की पटतं. आधीच जिमला जाणारा.

कॅथरिन बायकर यांची गोष्ट तर मला फार आवडली. 2010 मध्ये त्या आणि त्यांचे सहकारी यांनी आधीचे अभ्यास एकत्र करून लिहिलं की वेलनेसवर खर्चलेल्या एका डॉलरमागे दवाखान्याच्या खर्चात 3.27 डॉलर वाचतात. तो आकडा जगभर विकला गेला, आमच्या अहवालातही कोपऱ्यात आहे. मग त्यांनीच झिरुई साँग यांच्याबरोबर बीजेज या अमेरिकी दुकानसाखळीच्या 160 ठिकाणी चाचणी घेतली. 20 ठिकाणी कार्यक्रम, तीही सोडतीनं निवडलेली, एकूण जवळपास 33 हजार माणसं. 2019 मध्ये निकाल छापला : दीड वर्षानंतर लोक व्यायाम जास्त करतो असं सांगतात, पण रक्तदाब-साखर, खाडे, खर्च यांत फरक नाही. स्वतःच्याच गाजलेल्या आकड्याला स्वतःच छेद देणारी माणसं थोडी असतात. तो कोपऱ्यातला आकडा मात्र अजून तसाच आहे.

या जानेवारीत ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा ब्रिटनचा अभ्यास आला. 233 संस्था, 46,336 कर्मचारी. अ‍ॅप, ध्यान, लवचीकपणाची प्रशिक्षणं घेतलेले न घेतलेल्यांपेक्षा बरे नव्हते. स्वयंसेवेची संधी मिळालेले तेवढे थोडे बरे. हा एका वेळचा फोटो आहे, सोडत नाही, म्हणून मी त्याला इलिनॉयच्या खालची जागा देते.

हे वेलनेसचं झालं. संकटात समुपदेशकाशी बोलणं ही वेगळी गोष्ट, ती यात सरसकट ढकलून चालणार नाही.

18 जुलै, गुरुवार

वारीहून लोक परतले. आठवडाभर कंपनीच्या बसमधून येऊन-जाऊन माणसांशी बोलतेय. बसमध्ये फायदा असा की समोर बघत बोलता येतं, तोंडाकडे बघावं लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची डब्ल्यूएचओ-5 प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं, शून्य ते पाच गुण, बेरजेला चारनं गुणलं की शंभरपैकी आकडा. मराठी कागद घेऊन बसले. पहिल्याच वाक्यातल्या 'प्रसन्न'वर प्रेस शॉपचे एक दादा म्हणाले, "प्रसन्न देवळात असतं मॅडम." 'उठल्यावर ताजंतवानं वाटलं' यावर नाईटवाला म्हणाला, "उठल्यावर म्हणजे कधी? सकाळी झोपतो, दुपारी पोरं शाळेतून येतात तेव्हा उठतो, परत आडवा होतो. कुठलं उठणं धरू?" मी म्हटलं, शेवटचं. त्यानं शून्य लिहिलं.

त्रास काय आहे असं विचारलं की कोणी काही सांगत नाही. "शेवटचा खाडा कशानं पडला?" असं विचारलं की सांगतात. तेच दोन विषय फिरून फिरून आले. एक कर्ज : अ‍ॅपवरून घेतलेलं, आणि वसुलीवाले घरच्यांना फोन करतात ते. दुसरा, शिफ्ट. पुढच्या आठवड्याचा शिफ्टचा कागद शनिवारी संध्याकाळी लागतो. सोमवारी कुठली शिफ्ट ते शनिवारी सहाला कळतं. मग आईचा दवाखाना, पोरीच्या शाळेची मीटिंग, बायकोची नाईट, सगळं अधांतरी. अर्ज द्यायला वेळच नसतो, म्हणून सरळ खाडा.

असेंब्लीतल्या एक ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या त्या फोनवाल्या बाईला माझी शिफ्ट बदलता येते का? नाही ना. मग तिला सांगून काय करू?"

हे वाक्य जसंच्या तसं अहवालात जाणार.

26 जुलै, शुक्रवार

सेवा कंपनीबरोबरची बैठक ऑनलाइन झाली, कालच्या पावसात पुण्याहून कोणी निघूच शकलं नाही. त्यांनी चांगली तयारी केली होती. वर्कप्लेस आउटकम सूट नावाची मोजपट्टी आहे, ईएपीवाल्यांत रूढ : गैरहजेरी, हजर असून काम न होणं, कामात मन लागणं, आयुष्याचं समाधान, कामाच्या जागेचा ताण. पहिल्या फोनच्या वेळी विचारायचं आणि साधारण नव्वद दिवसांनी परत. आमच्या चौदांतल्या आठ जणांनी दोन्ही वेळा उत्तरं दिली. आठही जणांत सुधारणा. बाण वर गेलेले.

मोजपट्टीबद्दल माझी तक्रार नाही. पण माणूस फोन कधी करतो? सगळं नाकातोंडाशी आल्यावर. आज इंद्रायणी फुगलीय. आज घाटाच्या पायरीवर पाणी मोजायचं, ऑक्टोबरात परत मोजायचं, आणि म्हणायचं आमच्या पूजेनं पाणी उतरलं. पूजा केली नसती तर किती उतरलं असतं, ते सांगा. असं बोलले तर पलीकडची बाई क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "खरं सांगू का, आम्हालाही ते माहीत नाही. कोणी क्लायंट विचारत नाही." त्या क्षणापासून मला ती आवडायला लागली.

आणि बाकीच्या सहांचं काय झालं, तेही कोणाला माहीत नाही.

तिनं करारातल्याच पैशात गुरुवारी एक मराठी समुपदेशक कारखान्यात बसवायचं कबूल केलं. करार टिकवायची धडपड आहे हे दोघींनाही कळत होतं.

30 जुलै, मंगळवार

सोडत आपणही घालायची. फोन नंबराची घालता येत नाही, तो सगळ्यांकडे आहेच. पण शिफ्टच्या कागदाची घालता येते. आठ लाइनी आहेत. चार लाइनींवर शिफ्टचा कागद चार आठवडे आधी लावायचा, आणि दोघांच्या सह्या असतील तर आपसात अदलाबदल करायची मुभा. बाकी चार जशा आहेत तशा.

चीनमधल्या सीट्रिप कंपनीत निकोलस ब्लूम यांनी घरून कामाची चाचणी घेतली ती जन्मतारीख सम की विषम यावर. गेल्याच महिन्यात त्यांचा नवा अभ्यास 'नेचर'मध्ये आला, त्याच कंपनीतले 1,612 कर्मचारी : आठवड्यात दोन दिवस घरून काम दिल्यावर सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं. आमच्या ऑफिसच्या दोन दिवसांबद्दल मी यापलीकडे काही लिहिणार नाही, ते चालू द्यावं.

मुलगा उत्साहानं म्हणाला, आपणही जन्मतारखेनं करू. रजिस्टर उघडून दाखवलं. पंचेचाळिशीपुढच्या माणसांच्या तारखा बघ : 1 जून, 1 जून, 1 जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्याला त्याला 1 जून लावून टाकलेला. सम-विषम कसलं करतोस!

5 ऑगस्ट, सोमवार

चिठ्ठ्या काढल्या.

युनियनचे अध्यक्ष आधी अडून बसले. चांगली गोष्ट असेल तर सगळ्यांना द्या, चार लाइनींना का? बरोबर आहे त्यांचं. मी म्हटलं, अण्णा, सगळ्यांना एकदम दिली आणि साहेबांनी दिवाळीनंतर विचारलं की फायदा काय झाला, तर मी काय दाखवू? दाखवता आलं नाही की बंद होईल. बारा आठवडे द्या. त्यांनी दोन अटी घातल्या : चिठ्ठ्या सगळ्यांसमोर, आणि काढणार कँटीनच्या मावशी.

म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या शिफ्टच्या मधल्या वेळात, कँटीनमध्ये, मावशींच्या चहापत्तीच्या स्टीलच्या डब्यात आठ चिठ्ठ्या. मावशींनी डबा हलवला, झाकण उघडलं, चहाचा वास सुटला. तीन. आठ. एक. सहा. लाइन तीनवाल्यांनी शिट्ट्या मारल्या, जणू लॉटरीच लागली. चारचा सुपरवायझर म्हणाला, "मावशी, आमच्या चिठ्ठीला हात लागला नाही का तुमचा?" मावशी म्हणाल्या, "तुम्ही उधारी द्या आधी."

सुरुवात 12 ऑगस्ट, शेवट 3 नोव्हेंबर. मध्ये गणपती, दसरा, दिवाळी सगळं येतं, पण ते आठही लाइनींना सारखंच येतं. चिठ्ठ्यांचं काम तेवढ्यासाठीच.

22 ऑगस्ट, गुरुवार

समुपदेशकाची खोली एचआरच्या केबिनशेजारी दिली होती. दोन गुरुवार, एकही माणूस नाही. आज पतपेढीच्या ऑफिसला लागून असलेल्या खोलीत हलवली. तिथे कर्जाच्या कामाला रांग असतेच; कोण कशाला उभा आहे ते कळत नाही. दुपारपर्यंत तिघे येऊन गेले.

पाळणाघरही बघून आले. मातृत्व लाभ कायद्यात 2017 ला दुरुस्ती झाली, पन्नास कर्मचाऱ्यांवर पाळणाघर सक्तीचं, आईला दिवसातून चार वेळा जाता यायला हवं. आमचं ते अ‍ॅडमिन इमारतीत, भिंतीवर ससे रंगवलेले. मुलं शून्य. एका कोपऱ्यात प्रिंटरच्या कागदांची खोकी. पहाटे साडेपाचच्या बसमध्ये तान्हं घेऊन कोण चढणार? तपासणीच्या यादीत 'आहे' अशी खूण आहे.

20 सप्टेंबर, शुक्रवार

दोन भानगडी.

लाइन पाचच्या सुपरवायझरनं आपल्या मनानं शिफ्टचा कागद तीन आठवडे आधी लावायला सुरुवात केली आहे. त्याच्या बायकोची बहीण लाइन सहावर आहे, घरी रोज ऐकून घ्यायला लागत होतं म्हणे. प्रयोगाचा बट्ट्याबोळ! थांबव असं सांगायला गेले आणि सांगितलं नाही. माणसं खूश होती. हिशेबात पाच नंबर चिठ्ठीत जिकडे पडली तिकडेच मोजायची. फरक दिसला तर खऱ्यापेक्षा कमी दिसेल एवढंच.

दुसरी गंभीर. हीट ट्रीटमेंटचे एक अधिकारी आले, दार लावून घेतलं. "मॅडम, आमच्यातलं कोण जातं हो गुरुवारी? मदतच करायची आहे." खात्यात माणसं अकरा. मी त्यांना चहा दिला आणि आकडाही दिला नाही, नाव तर माझ्याकडे नाहीच. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मधलं कलम 23 गुप्ततेचा हक्क देतं, तेही सांगितलं. नाराज होऊन गेले. संध्याकाळी नियम लिहून काढला : दहापेक्षा कमी माणसं येत असतील तिथला आकडा खात्यानुसार द्यायचा नाही, साहेबांनाही नाही.

10 ऑक्टोबर, गुरुवार

जागतिक मानसिक आरोग्य दिन. वेबिनार ठरला होता. काल रात्री रतन टाटा गेल्याची बातमी आली. सकाळी गेटवर कोणीतरी फोटो लावून हार घातला होता. इथल्या किती जणांचे बाप-भाऊ पिंपरीत टेल्कोला होते. वेबिनार रद्द केला. जेवणाच्या सुट्टीत अण्णा जुन्या लोकांना सांगत होते, जमशेदपूरला 1912 मध्येच आठ तासांची पाळी होती म्हणून. वर्क-लाइफचा तो पहिला कार्यक्रम म्हणायला हरकत नाही, आणि त्याला अ‍ॅप लागलं नव्हतं.

वेबिनार नाही म्हणजे यंदा 'वापर' पडणार. पडू दे.

6 नोव्हेंबर, बुधवार

बारा आठवडे संपले. मोजलं ते एवढंच : न सांगता पडलेले खाडे. चिठ्ठीतल्या चार लाइनी : आधीच्या बारा आठवड्यांत 160, आता 118. इतर चार : आधी 166, आता 171.

मुलगा नाचायला लागला. मी म्हटलं, थांब. एकट्या लाइन तीनमध्येच 23 कमी झालेत, आणि तिथला सुपरवायझर मुळातच माणसांना धरून असणारा आहे. आठातून चार लाइनी निवडायच्या सत्तर तऱ्हा होतात. मावशींच्या हाताला दुसऱ्या चार आल्या असत्या तर एवढा फरक नुसत्या योगायोगानं दिसला असता का? सत्तरच्या सत्तर तऱ्हा एक्सेलमध्ये मांडून बघू. दुपार त्यात गेली. आमच्याइतका किंवा त्याहून मोठा फरक सत्तरपैकी सहा तऱ्हांत येतो.

म्हणजे बारांत एक. छातीठोक सांगण्याइतकं नाही, सोडून देण्याइतकंही नाही. लाइन पाचच्या आगाऊपणामुळे फरक थोडा झाकलाही गेलाय. आणि या सगळ्याला खर्च आला तो आठ नोटीस बोर्डांच्या टाचण्यांचा.

गुरुवारच्या खोलीत अकरा वेळा मिळून 39 भेटी. दारामागच्या कागदावर समुपदेशक नुसती रेघ मारते, नाव नाही. आकडा लिहिताना लाज वाटली. मी जूनमध्ये ज्यांना नावं ठेवली त्यांनीही हेच केलं होतं, आलेली डोकी मोजली. यातलं कोण बरं झालं ते मलाही सांगता येणार नाही. एवढंच सांगता येतं की वर्षभरात फोनवर चौदा आणि इथे तीन महिन्यांत याहून जास्त माणसं आली असणार, आणि जवळजवळ सगळी मराठीत बोलली.

14 नोव्हेंबर, गुरुवार

सादरीकरण. दुसऱ्याच स्लाइडला साहेब : "आरओआय किती?" मी 3.27 ची गोष्ट सांगितली, 2010 आणि 2019 दोन्ही. म्हणाले, "म्हणजे नाहीच." मी म्हटलं, रुपयातला परतावा मला दाखवता येत नाही आणि जो कोणी दाखवेल त्याला विचारा, सोडत कधी घातली होती. अग्निशामक आपण परताव्यासाठी टांगत नाही. पण तो कुलपात ठेवून, इंग्रजीत सूचना लावून, वर कोड विचारायचा, असं तर नको.

मागितलं ते असं. करार एकच वर्ष वाढवायचा. पहिला आवाज मराठी, कोड बंद. अहवालात समुपदेशकाशी बोललेली माणसं वेगळी, वेबिनार वेगळे. ठेकेदाराची माणसं आत घ्यायची. गुरुवारची खोली पतपेढीशेजारीच. पाळणाघराची खोकी काढायची किंवा बसमध्ये सोय करायची, नुसती खूण नको. शिफ्टचा कागद आठही लाइनींना चार आठवडे आधी.

शिफ्टचा कागद लगेच मंजूर, फुकट आहे ना. एक वर्ष, मराठी आणि कोड मंजूर. ठेकेदाराच्या माणसांवर फायनान्सचे साहेब म्हणाले, "ते ठेकेदाराचं बघणं आहे." मी म्हटलं, निदान 14416 त्यांच्या बसमध्ये चिकटवते. त्यावर कोणी काही बोललं नाही, म्हणजे चिकटवते. पाळणाघर 'पुढच्या तिमाहीत'.

18 नोव्हेंबर, सोमवार

15 डिसेंबरपर्यंतचा शिफ्टचा कागद आठही बोर्डांवर लागला. लाइन चारच्या सुपरवायझरनं त्याचा मोबाइलवर काढलेला फोटो मला पाठवलाय, खाली काही न लिहिता.

टाइम ऑफिसला आठवण करायची : परवा, 20 तारखेला, विधानसभेचं मतदान. भरपगारी सुट्टी आहे. गावाला मतदानाला गेलेल्यांचा त्या दिवसाचा खाडा धरू नका. लोकसभेला धरला होता.